वजा सव्वापाच

घाटात नाही, साध्या मार्केटयार्डच्या सिग्नलला
रेवणकर ड्रायव्हरने ब्रेक मारला
आणि माझा चष्मा एका बाईंच्या मेथीच्या पिशवीत पडला.
काचा शाबूत. काडी गेली.
बाई म्हणाल्या, आधी माझं सुट्टं द्या.

आठवडाभर काडीच्या जागी दोरा बांधून तिकिटं काढली.
गुरुवारी सुट्टी. बोहरी आळी.
काथ्याचे दोर, कड्या-कोयंडे, चाळण्यांच्या चळती,
त्यांच्या मधोमध दोन हात रुंदीचं
तय्यबभाईंचं दुकान.

भिंतीवर तक्ता: गोल चेहऱ्याला चौकोनी फ्रेम,
चौकोनीला गोल, लांबट असेल तर रुंद.
"काकू, तुमचा कुठला?" काउंटरवरची पोरगी.

एकवीस वर्षं मी चेहरेच बघते.
पासवरचा फोटो आणि समोरचं तोंड.
दाढी वाढवलेलं, टक्कल पडलेलं, रडून आलेलं.
बहिणीचा पास घेऊन स्वारगेटला चढलेली ती मुलगी,
नुसत्या हनुवटीवरून पकडली.
पण माझा कुठला, सांगता येईना.
सकाळी आरशात भांग बघते, टिकली बघते,
बाकीचं राहूनच जातं.

आता गंमत अशी,
नवी फ्रेम लावायची तर जुना चष्मा काढायचा,
आणि जुना काढला की आरशात
धुक्यातला बसस्टॉप.
कुणीतरी उभं आहे,
हात दाखवतंय की नाही कळत नाही.
नाक आरशाला टेकेपर्यंत पुढे गेले.
एक डोळा दिसला.
एका डोळ्यावर पास कोण देतं?

दरवेळी नणंद असायची सोबत, पुष्पलता.
"ही नको, मास्तरीण दिसतेस."
"ही नको, हिच्यात भांडखोर वाटतेस, म्हणजे आहेसच, पण."
शेवटी जी स्वस्त तीच शोभायची.
आता ती नाशिकला, गुडघ्यांपायी जिना उतरत नाही.

पोरगी एकेक काढत होती.
बिनकाठाची, चॉकलेटी, पारदर्शक,
मांजरीच्या डोळ्यांसारखी टोकं असलेली.
मी म्हणाले, शोभणारी नको गं, टिकणारी दे.
घामाने घसरायला नको,
सीटखालचं नाणं उचलताना पडायला नको.
म्हणाले खरं,
पण हात त्या मोरपंखीवरून उठेना.

तय्यबभाई इतका वेळ कुणाचा तरी स्क्रू शोधत होते.
उठले. मोरपंखी माझ्या नाकावर ठेवली,
दोन पावलं मागे गेले, भिंत लागली तिथे थांबले.
"उजवा कान खाली आहे तुमचा.
सगळ्यांचाच असतो. तुमचा जरा मोकळ्या मनाने."

एकोणपन्नास वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं.
आईनेही नाही.
कानफटात मारणाऱ्यानेही नाही,
त्याने तर जवळून पाहिला होता.
पट्ट्याने खांदा उतरलाय हे ठाऊक होतं.
कानही?

पोरीने मोबाइलवर फोटो काढला.
मी दोरावाला चष्मा चढवला,
सवयीने मोबाइल हातभर लांब धरला.
फोटो बघितला. आरसा बघितला. परत फोटो.
गर्दी असली तरी मी तीनदा बघते.
गोल नाही, चौकोनी नाही.
गालाची हाडं कुणाची, विचारायला कुणी उरलं नाही.
कपाळावरचं गोंदण निम्मं पुसलेलं.
वय बरोबर. मुदत आहे अजून.
"चला," म्हणाले, "पुढे सरका."
पोरगी खरंच एक पाऊल सरकली.

तय्यबभाईंनी तापल्या वाळूत काडी खुपसली,
मऊ झाली तशी एका बाजूने वाकवली,
चार मिलिमीटर, बोटाच्या अंदाजाने.
कान वर घ्यायची गोष्ट कुणी काढली नाही.

नाव लिहा: संजीवनी दुधाणे.
नंबर वजा सव्वापाच, दोन्ही डोळे सारखे.
तेवढे तरी सारखे.
काचा शनिवारी. सतराशे वीस झाले.
वीस सुट्टे आहेत का,
त्यांनी विचारलं.
मला.